पेवात सोडलेला दिवा

ज्या काळी लोक वर्षाची ज्वारी जमिनीच्या पोटात ठेवायचे, त्या काळी नदीकाठच्या एका गावात तेल्याची एक लेक राहायची. तिचं नाव सगुणा. घाण्याच्या घरची पोर, त्यामुळे दिव्याबद्दल आपल्याला सगळं कळतं असा तिचा ठाम समज होता, आणि तो ती कुणापासून लपवतही नसे.

गावच्या शाळेत एक गुरुजी होते. एके दिवशी त्यांनी धडा शिकवला, की कोंडलेल्या जागेत हवा नासते, तिथे दिवा जळत नाही आणि माणूस जगत नाही. पोरांनी ते वाक्य एका सुरात असं काही घोकलं, की छपरावरची कबुतरं उडाली. गुरुजींचं मात्र समाधान होईना. एवढ्या सहज तोंडात शिरलेलं तेवढ्याच सहज बाहेर पडतं, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं.

ते पोरांना घेऊन शिवारात गेले. तिथे त्या दिवशी एक पेव उघडत होते. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खोल खड्डा, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. वरची शिळा मातीनं लिंपून टाकली, की आत वाराही शिरत नाही. गुरुजींनी शिंक्यात पणती ठेवली, शिंक्याला दोर बांधला आणि विचारलं, की हा दिवा खाली सोडला तर जळेल का विझेल?

सगुणा पुढे झाली. "जळंल, गुर्जी. दिवा विझतो वाऱ्यानं, आन पेवात कुठला आलाय वारा?"

तिचं बोलणं इतकं पटण्यासारखं होतं, की सकाळी तो धडा घोकलेली सगळी पोरं गुपचूप तिच्या बाजूला सरकली. गुरुजी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. त्यांनी दोर तिच्याच हातात दिला.

दिवा पेवाच्या गळ्यातून खाली गेला, बारीक झाला आणि गपकन विझला. सगुणा म्हणाली, वात खराब असेल. मग घरचं तेल आणून, नवी वात वळून तिनं पुन्हा सोडला. पुन्हा तेच. पोरं हसायला लागली, तिचे डोळे भरून आले, आणि गुरुजींनी पोरांना गप्प केलं.

"का विझला, ते आता तूच शोध," ते म्हणाले.

घरी जाईपर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच तिनं सांगितलं, "गुर्जी, दिव्यालाबी श्वास लागत असंल." गुरुजी इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी दुसरा धडा घेतलाच नाही.

वर्षं गेली. सगुणा लग्न होऊन पठारावरच्या गावात गेली. तिथे ज्वारी कणगीत ठेवायची रीत होती आणि निम्मी उंदीरच खायचे. म्हणून गावानं खालच्या गावांचं पाहून मोठ्या हौसेनं पहिलं पेव खणलं. खणायचं कसं ते शिकून आले, पण उघडायचं कसं हे विचारायचं राहून गेलं.

उघडायचा मुहूर्त ठरला. पहिल्यांदा आत उतरायचा मान सगुणाच्या नवऱ्याला मिळाला. त्यानं नवं मुंडासं बांधलं, कमरेला दोर आवळला. सगुणा ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. शिळा सरकली आणि आतून आंबूस वास आला. त्या वासासरशी तिच्या तळहाताला तो जुना दोर आठवला.

ती घाबरली. पूजेचा दिवा पेवात सोडला आणि विझला, तर साऱ्या गावादेखत ती अवदसा ठरणार होती. गप्प राहिली तर कुंकू पुसलं जाणार होतं. तिनं ताटातला दिवा उचलला, दोर बांधलेल्या एका शिंक्यात ठेवला आणि म्हणाली, "पाटील, आधी दिवा उतरू द्या."

कुणी अडवायच्या आत दिवा खाली गेलासुद्धा. आणि विझला. सासूनं कपाळाला हात लावला. गर्दीत अपशकुन, अपशकुन अशी कुजबुज सुरू झाली.

सगुणानं विझलेला दिवा वर ओढून पाटलांपुढे धरला. "अपशकुन न्हवं. दिव्याला आत श्वास मिळंना, मग यांना कुठनं मिळंल? माझ्यावर इश्वास नको. दिवा पेटवा आन तुमच्या हातानं सोडा."

पाटलांनी सोडला. विझला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा विझला. पाटलांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात एक तरणा गडी म्हणाला, "आरं, ह्ये तर आपल्याला शाळंत व्हतं की." त्यानं सुरुवात केली आणि सगळ्या तरण्यांनी जुन्या चालीत सूर धरला: कोंडलेल्या जागेत हवा नासते, तिथे दिवा जळत नाही आणि माणूस जगत नाही. एक अक्षर चुकलं नाही. सगळ्यात खणखणीत आवाज सगुणाच्या नवऱ्याचा होता, आणि दोर अजून त्याच्या कमरेला होता.

पाटलांनी पुढे होऊन त्याच्या कमरेचा दोर स्वतः सोडला.

पेव उघडं ठेवलं. डहाळ्यांचा भारा दोरानं खालीवर करून आतली हवा घुसळली. दुसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळत गेला, तसा तिचा नवरा उतरला, आणि मोत्यासारखी ज्वारी टोपल्या भरभरून वर आली. हलगी कडाडली. पाटलांनी पहिल्या टोपलीतली ज्वारी सगुणाच्या ओटीत घातली. सासूनं सगळ्यांसमोर तिची दृष्ट काढली आणि सून कुणाची म्हणून मिरवली. सगुणाला तर आकाश ठेंगणं झालं.

पुढे गावानं तिला विनवलं, की हा धडा आमच्या पोरांना तूच शिकव. ती पोरांना घेऊन नुकत्याच उघडलेल्या पेवाच्या तोंडाशी गेली, शिंक्यात दिवा ठेवला आणि विचारलं, जळेल का विझेल?

एक नकटी पोर नाक वर करून म्हणाली, "जळंल. आत काळोख हाय. काळोखात दिवा जास्तच उजळतो."

सगुणाला तिचा पापा घ्यावासा वाटला. तिनं दोर त्या पोरीच्या हातात दिला.

तात्पर्य इतकंच: घोकलेलं उत्तर जिभेवर राहतं, पण आपलं चुकलेलं उत्तर आपल्याच हातानं पारखून पाहिलं, की तो धडा वेळेला धावून येतो.