सावल्यांची उघडी पोथी

फार पूर्वी, घड्याळं जन्मालाही आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात आकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळा होती. तिच्या प्रमुख होत्या एक आचार्याबाई. अंगणात रोवलेल्या खांबाची सावली त्या रोज मोजत. सावलीवरून वेळ ठरे, आणि त्या वेळेवर बेतून बाई ग्रहणाची घटका सांगत. तीस वर्षं त्यांचं हेच काम.

पण गेली दोन सूर्यग्रहणं चुकली होती! बाईंनी सांगितलेल्या घटकेला सगळी प्रजा नदीत उतरली, आणि सूर्य आपला झकास तळपत राहिला. लोक कंटाळून घरी गेले, जेवायला बसले, आणि घास तोंडात असताना ग्रहण लागलं.

राजा म्हणाला, "आचार्याबाई, तिसऱ्यांदा चुकलात तर वेधशाळेला टाळं."

 जुन्या नोंदी तपासायला बाई ग्रंथशाळेकडे धावल्या. करारच असा होता, की वेधशाळेने लिहायचं, ग्रंथशाळेने देखण्या प्रती करून कुलपात ठेवायच्या, आणि वाचणाऱ्याने एक मोहोर द्यायची.

दारावरच्या कारकुनाने हात पुढे केला. "मोहोर?"

"अरे, ही पोथी मीच लिहिलीय!"

"हो ना, फार सुंदर लिहिलीय. मोहोर?"

बाई आधी चिडल्या, मग त्यांना हसूच फुटलं. त्या करारावर सही त्यांनीच केली होती, न वाचता. तिथून त्या तडक राजाकडे गेल्या.

"महाराज, माझी चूक मला सापडत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती दिसायची सोय नाही. पोथ्या सर्वांना उघड्या करा."

ग्रंथशाळेचे मालक कळवळले. "आणि कागद, शाई, लेखनिकांचे पगार?"

ते काही खोटं बोलत नव्हते. बाई म्हणाल्या, "तो खर्च दरसाल खजिन्यातून द्यावा. वाचणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नये. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं पोथीवर राहू द्या."

राजाला पटलं. नवा करार झाला. या खेपेला बाईंनी तो दोनदा वाचला आणि मगच सही ठोकली.

पोथ्या गावोगावच्या चावडीवर आल्या. "सामान्यांना यातलं काय कळणार?" म्हणत पंडितांनी नाकं मुरडली. आठवडा झाला नसेल, तोच एक गवंडी पाण्याचा तांब्या घेऊन वेधशाळेच्या दारात हजर!

"बाई, तुमची पोथी वाचली. त्यात सकाळची सावली बारा महिने दोन बोटं जास्त, संध्याकाळची दोन बोटं कमी. सूर्य असा पक्षपात करायचा नाही. अंगण करेल."

त्याने अंगणात तांब्या उपडा केला. पाणी थेट पश्चिमेकडे पळालं. अंगण उतरतं होतं! तीस वर्षं आकाशाकडे बघणाऱ्या बाईंनी पायाखाली आज पहिल्यांदा पाहिलं.

आनंदाने त्यांनी गवंड्याचे दोन्ही हात धरले. "बाबा रे, आधी का नाही आलास?"

"मोहोर कुठून आणू, बाई?"

गवंड्याने अंगण सपाट करून दिलं, बाईंनी सगळं गणित नव्याने मांडलं. पुढच्या ग्रहणाला त्यांनी हात वर केला, आणि नेमका त्याच क्षणी सूर्याचा कडेचा तुकडा काळवंडला. नदीवर एकच जल्लोष झाला. राजाने वेधशाळेचं टाळं विहिरीत फेकून दिलं. पोथीच्या नव्या प्रतीवर बाईंनी आपल्या शेजारी गवंड्याचं नाव घातलं, आणि ती वाचायला चावडीवर रांग लागली. रांगेत पंडितही होते.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: ज्ञान कुलपात ठेवलं की त्यातली चूकही सुखरूप राहते, चारचौघांत ठेवलं की ते सुधारतं आणि वाढतं.