शुक्रवारचं पाणी

"एवढं सगळं प्यायचं? आणि आजच?"

कालिंदीबाईंनी समोरच्या भरल्या जगकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

त्यांची एकुलती लेक वैजू रागाने घर सोडून गेली, तेव्हा देवीपुढे पदर पसरून त्या नवस बोलल्या होत्या... लेक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत शुक्रवारी पाण्याचा थेंबही घेणार नाही. तेव्हापासून एक शुक्रवार चुकला नव्हता. मनातून त्याचा जरा तोराही होता.

पोटाचं दुखणं मात्र हटेना. अन्न अंगी लागेना, चोळ्या ढगळ झाल्या. 'तपासणीला शुक्रवारी या, उपाशीपोटी,' असा दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा त्या हरखल्याच. देवीनेच वार जुळवून आणला म्हणायचा!

सोबतीला त्यांच्या गुरू आल्या होत्या, मठातल्या सरूमाई. माईंचं शुक्रवारी मौन असे, दिवेलागणीपर्यंत.

"उपाशीच आहे हो मी, सिस्टर. पहाटेपासून थेंब नाही."

"छान केलंत, मावशी. आता हे औषधाचं पाणी घोट घोट करत संपवा. मग मशीनवर पोटाचा फोटो."

"अहो, पोट रिकामं हवं म्हणूनच बोलावलंत ना?"

"अन्न नको आत. पण लहान आतडं नुसतं रिकामं असलं की मिटून बसतं. या पाण्यानं भरलं की उलगडतं. मग कुठं काय बिघडलंय ते दिसतं."

"आमच्यात उपाशी राहूनच दिसतं सगळं. विचारा माईंना."

माई गप्प.

"मी सोमवारी येते."

"फोटो बघणारे डॉक्टर शुक्रवारीच येतात इथं. आणि अजून किती वाळायचं ठरवलंय, मावशी?"

सिस्टर जग तिथेच ठेवून आत गेली.

"माई, नुसती मान हलवा. नको ना पिऊ?"

माईंनी पेला भरला. पुढे केला.

"हे काय तीर्थ आहे, पळीभर घेतलं नि झालं? अख्खा जग आहे, माई! मी प्यायले, आणि वैजू आलीच नाही तर?"

माईंनी पेला खाली ठेवला. बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या.

"आली, तर तिला कोण दिसायला हवं?"

कालिंदीबाई दचकल्या. "माई! तुमचं मौन..."

"कोण दिसायला हवं?"

"...आई."

"मग?"

कालिंदीबाईंचे डोळे भरून आले. "पण तुम्ही का मोडलंत? इतक्या वर्षांचं... कुणासाठी धरलं होतं ते?"

हे माईंनी मठात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मुलासाठी."

"आला?"

"नाही..." माई हसल्या. "अजून दारात पाऊल वाजलं की वाटतं, तोच."

"आणि माझ्यापायी... आता तो..."

माईंनी पेला उचलला आणि त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"मी बोलले, कालिंदे. तू पी."