दहा कुऱ्हाडी

“आणि पान उलटं पडलं, तर काय समजायचं?”

सुनेत्राबाईंनी हे विचारलं तेव्हा आबा चितारी एका कासवाच्या पाठीवर पिवळे ठिपके देत होते. त्यांनी मान वर केली नाही. ठिपका पुरा केला, कुंचला पाण्यात बुडवला, आणि शेजारी वाळत ठेवलेल्या पानांतलं एक उचलून बाईंच्या समोर जमिनीवर ठेवलं.

गंजिफाचं पान ते, हाताने रंगवलेला पत्ता. आमच्या सावंतवाडीची गंजिफा गोल असते, तळहातात मावेल एवढी. त्या पानावर एकच मासा होता. आबांनी त्याला बोटाने गिरकी दिली. पान भिरभिरलं आणि थांबलं.

“उलटं की सुलटं?” आबांनी विचारलं.

बाईंनी निरखून पाहिलं. “सुलटं.”

“मला इथून उलटं दिसतंय,” आबा म्हणाले, आणि पुन्हा कासवाकडे वळले.

मी दाराशी बसून सुपारी कातरत होतो. मी दत्ताराम परब, एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. रोज दुपारी तीनला आबांकडे येतो तो गंजिफा खेळायला. ज्ञान ऐकायला येत नाही. ज्ञान सांगणारे मला गाडीत पस्तीस वर्षं भेटले, आता पुरे.

पण खेळायला तीन माणसं लागतात. आमचे तिसरे गडी मास्तर मुलाकडे गोव्याला जाऊन बसले होते, आणि तीन आठवडे डाव मांडला नव्हता. त्यामुळे आबाही चिडचिडे झाले होते आणि मीही. त्यात ही पुण्याची पाहुणी.

बाई तशी परकी नव्हती. मागच्या वर्षी आठ दिवस राहून आबांकडे रंग घोटायला शिकली होती, म्हणून त्यांना गुरुजी म्हणायची. तिकडे पुण्यात त्या टॅरोचे पत्ते वाचतात. चित्रातला कुत्रा म्हणजे काय, चंद्र म्हणजे काय, माणसाचा डावा पाय पुढे का, हे सगळं शिकवायचा त्यांचा क्लास आहे. पुस्तकही लिहिलंय. आबांच्या कूर्माच्या राजाच्या पानावर पायाजवळ एक काळा ठिपका आहे, त्यावर त्या पुस्तकात दीड पान मजकूर आहे. सृष्टीचं बीज की काय ते.

आता तो ठिपका म्हणजे लाख चढवताना चिकटलेला डास. मी तिथेच होतो. आबा हळहळले होते, आणि पान फुकट घालवायचं नाही म्हणून तसंच ठेवलं होतं. बाईंनी पुस्तक पाठवलं तेव्हा आबांनी ते दीड पान दोनदा वाचलं आणि पुस्तक देवाजवळ ठेवलं. डासाचं नाव काढलं नाही. मलाही काढू दिलं नाही.

तर अशी ही बाई. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता. आल्यापासून तिने एकदाही कुठल्या चित्राचा अर्थ सांगितला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची एकुलती एक मुलगी सानिका. पुण्यातली नोकरी सोडून इथे मातोंडला आली, कलमांची नर्सरी करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायला. लग्न रविवारी, आणि हे आमचं बोलणं चाललं होतं शुक्रवारी. लग्न ठरलं तेव्हा बाईंनी मुलीसाठी टॅरोचं पान काढलं तर मनोरा आला. वीज पडून कोसळणारा मनोरा, आणि त्यातून डोक्यावर खाली पडणारी दोन माणसं. तोही उलटा. दुसऱ्या दिवशी काढलं, तोच. तिसऱ्या दिवशीही तोच.

बाईंनी मुलीला सांगितलं, हे लग्न करू नकोस.

मुलीने विचारलं, तुला मुलगा आवडला नाही का? तर बाई म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, पण पान वाईट आहे. मुलगी म्हणाली, मग तू तुझ्या पानांकडेच राहा. आणि बॅग उचलून निघून आली. महिना झाला, बोलणं नाही.

“आज सकाळी तिचा मेसेज आला,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोन पुढे केला. आबांना फोनवरची बारीक अक्षरं लागत नाहीत, म्हणून मी वाचला. एवढंच होतं: ‘आज मुहूर्तमेढ आहे, आई. वाट बघते.’



मला सरळ राग आला. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर तासाभरात मातोंड. लेक वाट बघतेय, आणि आई इथे चिताऱ्याच्या घरात पान उलटं की सुलटं विचारत बसलीय. माझ्या तोंडावर आलंच होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुपारी तोंडात टाकली.

बाईंनी पर्समधून तो मनोरा काढून आबांच्या हातात दिला. आबांनी चष्मा पुसला. पान उजेडाला धरलं, फिरवलं, परत फिरवलं.

“निळा रंग चांगला साधलाय,” ते म्हणाले. “बोटं मात्र घाईत काढली आहेत.”

“गुरुजी, मी अर्थ विचारतेय.”

“अर्थ मला येत नाही. मी रंग भरतो.”

बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, तुमच्या घरात चार पिढ्या हीच चित्रं काढतात, तुम्हाला येत नाही तर कुणाला येणार? मग एकच करा. तुमच्या गंजिफातलं एक पान मला काढू द्या. ते सांगेल तसं करीन. जा म्हणालं तर जाईन, नको म्हणालं तर इथूनच पुण्याची गाडी धरीन.

मला वाटलं, आबा आता नाही म्हणतील. पण ते उठले आणि कपाटातून जुना डबा काढून आणला. खेळायचा डबा. त्यांच्या हयात नसलेल्या बायकोने, आमच्या काशीवहिनीने, अर्धी पानं रंगवलेला. त्यांनी एकशेवीस पानं सतरंजीवर पालथी पसरली.

“काढ,” म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. हात पानांवरून बराच वेळ फिरत राहिला. अखेर एक उचललं. पाहिलं. आणि पांढऱ्याफटक पडल्या.

परशुरामाची दश्शी. लाल जमिनीवर दहा कुऱ्हाडी, दोन रांगांत, पाती बाहेरच्या बाजूला.

“तोड,” त्या हळूच म्हणाल्या. “दहा वेळा तोड. आता आणखी काय स्पष्ट सांगायला हवं…”

आबांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीची पानं गोळा केली आणि पिसायला लागले. “ते तुझ्याकडेच ठेव. तुला एक कमी वाटतो.”

“म्हणजे?”

“तीन आठवडे तिसरा गडी नाही,” आबा म्हणाले. “बस.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार? मी तर सरसावून बसलोच होतो. रडणाऱ्या माणसाला पत्ते खेळायला बसवणं बरं दिसत नाही हे मलाही कळतं, पण तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

बसल्या बिचाऱ्या. गुरूचा शब्द मोडवेना.

खेळ तसा सोपा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची. खोच एकच. आमच्या चालीत निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर निम्म्यांत बरोबर उलट. हे मी बाईंना समजावत होतो. त्या हूं हूं करत होत्या, पण लक्ष सगळं त्या कुऱ्हाडींकडे. पानं हातात नीट धरता येईनात, चाळीस पानं म्हणजे पंखा होतो त्यांचा.

राम आबांकडे निघाला. दोन-तीन हात त्यांनीच केले. मग त्यांनी परशुरामाचा राजा टाकला.

मी माझं एक फुटकळ पान टाकलं. बाई थांबल्या. मी त्यांच्या हातात डोकावलो. डोकावू नये, पण शिकाऊ माणूस होता. म्हटलं, हा हात आबांचाच आहे, हलकं पान द्या. ती दश्शी द्या ना, ह्या रंगात तिच्याइतकं हलकं काही नाही.

“हे माझ्या मुलीचं पान आहे,” बाई म्हणाल्या.

आबा थांबून राहिले. घाई केली नाही. बाहेर कुणाची तरी रिक्षा मोती तलावाच्या बाजूला गेली…

मला गंमत वाटली ती ही, की जे पान बघून बाई पांढऱ्या पडल्या होत्या, तेच आता त्यांना सोडवत नव्हतं. अंगठ्याने घट्ट दाबून धरलं होतं.

“इथे ते सगळ्यात हलकं पान आहे,” आबा म्हणाले. “टाक.”

बाईंनी टाकलं.

आबांनी तीन पानं उचलली आणि बाकीच्या जिंकलेल्या पानांवर ठेवून दिली. पुढचं पान टाकलं. झालं. काही कोसळलं नाही.

त्यानंतर बाई खेळायला लागल्या. खरंच खेळायला. चारच्या सुमाराला त्यांनी वराहाच्या वजिराने माझी चांगली पानं खाल्ली आणि मोठ्याने हसल्या. मी म्हटलं, बाई, हे शिकाऊचं नशीब. तर म्हणतात कशा, काका, हरणाऱ्याला नशीबच दिसतं. मला ती बाई त्या क्षणापासून आवडायला लागली.

मध्येच त्यांनी कूर्माचा राजा टाकायला काढला. काळा ठिपका दाखवून त्यांनी कौतुकाने आबांकडे पाहिलं. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, बाई, तो डास आहे.

आबांनी कपाळाला हात लावला.

बाई आधी लाल झाल्या. पान डोळ्यांजवळ नेलं. डासाचा एक पायसुद्धा दिसतो, नीट बघितलं तर. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, दीड पान लिहिलंय हो मी ह्याच्यावर. दोनशे मुलांना शिकवलंय. गुरुजी, तुम्ही सांगितलं का नाही?

“छान लिहिलं होतंस,” आबा म्हणाले. “डासाबद्दल एवढं चांगलं कुणी लिहीत नाही.”

खेळ संपला तेव्हा पावणेपाच वाजले होते. जिंकले आबाच, ते नेहमीच जिंकतात, पण दुसऱ्या बाई आल्या आणि शेवटचा मी. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, मातोंडची गाडी सव्वापाचला सुटते, स्टँड इथून दहा मिनिटांवर आहे. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्यात, सवय जात नाही.

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली, आबांच्या पाया पडल्या. दारापर्यंत गेल्या. आणि परत फिरल्या.

सतरंजीवर पानं अजून पालथीच होती. बाईंचा हात आपोआप तिकडे गेला.

“एकच काढते, गुरुजी. जाऊ की नको, एवढ्यापुरतं.”

आबांनी पुढे वाकून सगळी पानं दोन्ही हातांनी ओढून घेतली, डब्यात भरली आणि झाकण लावलं. घट्ट होतं ते झाकण, दोनदा दाबावं लागलं.

बाई तशाच उभ्या राहिल्या.

“मी तिला नको नको ते बोलले आहे,” त्या म्हणाल्या. “पानाच्या आडून बोलले. खरं तर ती लांब जाणार म्हणून मला भीती वाटत होती. मनोरा आला आणि मला बरंच वाटलं, गुरुजी. मला कारण मिळालं.”

आबांनी डबा मांडीवर घेतला.

“आता कुठल्या तोंडाने जाऊ? आणि त्या दहा कुऱ्हाडी तर आल्याच ना? त्या मीच काढल्या. त्यांचं काय करू?”

आबा बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिले. काशीवहिनीने काढलेली वेल आहे त्याच्यावर…

पाहुण्यांशी आबा नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. मालवणीत उतरतात ते फक्त घरच्या माणसांशी; लेकीला ‘चेडू’ म्हणतात तेही तेव्हाच.

“गो बाय,” आबा म्हणाले, “चेडवाच्या मांडवाक मेढी तोडूक दहा माणसां तरी व्हयीच.”