नांदीचा मानकरी

माणूस खुर्चीत बसला की त्याला देव्हाऱ्यात बसायची घाई होते. मंत्री रावसाहेब कडलगांना तशीच झाली.

शालनताई गुरवांनी दोन वर्षं खपून नवं संगीत नाटक उभं केलं होतं. राजा दरबारातले सगळे गवई विकत घेतो, एक गवई मात्र विकला जात नाही, अशी त्याची गोष्ट. पहिल्या प्रयोगाच्या सकाळी मंत्र्यांचा माणूस साहेबांची भलीमोठी तसबीर घेऊन आला. म्हणाला, "नांदीत देवाऐवजी साहेबांचं स्तवन गायचं. नाहीतर नाट्यगृहाला कुलूप!"

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाटकातला राजा दारात येऊन उभा राहिला होता! पण त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवा तसबीर."

संध्याकाळी साहेब ऐटीत विंगेत आले आणि जागीच थिजले. नटराजाशेजारी त्यांची तसबीर होती. तिला झेंडूचा हार, कपाळाला चंदनाचा टिळा, पुढे उदबत्ती. नटमंडळी एकेक करून हात जोडून जात होती.

"अहो, मी जिवंत आहे!" साहेब ओरडले. "काढा तो हार!"

"ज्याची नांदी गायची, त्याची आधी पूजा करतो आम्ही. रीतच आहे," शालनताई म्हणाल्या.

"नको मला तुमची नांदी!" घाम पुसत साहेबांनी स्वतःच हार उतरवला आणि तसबीर काखोटीला मारली.

तेव्हा शालनताई कडाडल्या, "मग बाहेर जाऊन बसा, साहेब. जिवंत माणसानं समोर बसून गुमान नाटक बघायचं असतं!"