कितेरीमायचे हात

फार वर्षं झाली. गोव्यात फिरंग्यांचा अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. आडखाजन गावात कितेरी नावाची बाई राहायची. आजोबांच्या काळातच तिचं घर किरिस्ताव झालेलं. निखळलेलं हाड ती बोटांनी चाचपायची, खोबरेल चोळायची आणि एका झटक्यात बसवायची. बसवताना हळूच म्हणायची, "ये रे हाडा, आपल्या घरी ये." हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. तिच्याकडून कुणी लंगडत परत गेलं नाही, असं म्हणतात.

त्या वेळी शहरात धर्माचं न्यायालय होतं. कुणी अंगणात तुळस लावली, कुणी बाळाला हळद माखली, कुणी भात बिनमिठाचा शिजवला, जुन्या धर्माची खूण म्हणून सगळ्याची तिथं चौकशी व्हायची. शेजारी शेजाऱ्याची नजर चुकवायचा. गावात दारं दिवसाही लोटलेली असायची.

माडावर चढून माडी काढणारा साल्वादोर त्याच गावचा. त्याचा घोटा कितेरीमायनंच बसवला होता. न्यायालयाच्या माणसानं त्याला गाठलं. "ती बाई हाड बसवताना काय पुटपुटते?" साल्वादोर घाबरला आणि सांगून बसला.

चौथ्या दिवशी शिपाई आले, तिला घेऊन गेले.

"कुठल्या देवाला हाक मारतेस?" न्यायालयानं विचारलं.

"देवाला नाही हो, हाडाला," ती म्हणाली.

त्यांना ते पटलं नाही. हात पाठीमागे बांधून, त्याच दोरानं त्यांनी तिला आढ्याला टांगलं. ती घरी परतली तेव्हा अंगात शिक्षेचा पिवळा झगा होता आणि दोन्ही हात नुसते लोंबत होते. ते शब्द पुन्हा तोंडातून निघाले तर जिवंत जाळू, अशी ताकीद होती.

पुढच्या उन्हाळ्यात साल्वादोर माडावरून पडला. खांदा निखळला. त्याची बायको पास्कू धावत आली. "माय, कुठल्या तोंडानं येऊ तुझ्याकडे? पण त्याचं ओरडणं ऐकवत नाही गं."

कितेरीमाय उठली. वाटेत ती एकदा थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग पुन्हा चालू लागली, असं म्हणतात.

माडाखाली सारा गाव जमला होता. ती पास्कूला म्हणाली, "टाच त्याच्या काखेत रोव. मनगट धर. आता हळूहळू ओढ." पण साल्वादोरनं अंग ताठ धरलेलं. "माय, ते शब्द..." तो कण्हला. लोकांचे चेहरे पांढरे पडले.

"सगळ्यांनी डोळे मिटा," कितेरीमाय म्हणाली.

डोळे मिटले, आणि आवाज उठला. "ये रे हाडा, आपल्या घरी ये." तो एकाचा होता की शंभरांचा, कुणालाच कळलं नाही. साल्वादोरचं अंग सैल पडलं आणि खांदा खट्कन बसला. तो खटका नदीपलीकडं ऐकू गेला, असं म्हणतात.

न्यायालयाचा माणूस तीन दिवस गावात ठाण मांडून बसला. क्रूसावर हात ठेवायला लावून त्यानं एकेकाला विचारलं, "कुणाला बोलताना पाहिलंस?" प्रत्येकानं शपथेवर खरं तेच सांगितलं, "कुणालाच नाही." चौथ्या दिवशी तो निघून गेला.

खांदा बसला त्या क्षणी कितेरीमायचे लोंबणारे हात आपोआप वर उचलले गेले, असंही म्हणतात. पण ते पाहिलं कोणी?

आडखाजनात आजही कुणाचं हाड निखळलं तर त्याला माडाखाली आणतात. चर्चला जाणारे येतात, देवळात जाणारे येतात. कितेरीमायचं नाव घेतात आणि डोळे मिटून सगळे मिळून ते शब्द म्हणतात. कुणाचे ओठ हलले, हे कुणी पाहत नाही.