रेंगाळलेला पाहुणा

शालनच्या नणंदेचे यजमान दिगंबरराव बायकोला घेऊन नागपूरहून गुहागरला दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि आठवडा उलटला तरी हलायचं नाव काढेनात. वर नावं ठेवणं अखंड चालू. आंबा पुढे केला की त्यांना नागपूरची संत्री आठवत, समुद्र दिसला की तिथला तलाव. घरचे जावई पडले, त्यांना उलटून बोलणार कोण? शालनचा नवरा नुसती मान डोलवायचा.

एका संध्याकाळी सगळी मंडळी वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर गेली. लाल गोळा पाण्याला टेकला तशी पोरंसुद्धा गप्प झाली. दिगंबरराव मात्र म्हणाले, "वहिनी, यात काय बघायचं? हाच सूर्य आमच्या नागपूरला मावळताना बघा."

"तुमच्याकडे तो मघाशीच मावळला, दिगंबरराव," थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे धरत शालन म्हणाली. "इथे मात्र अजून रेंगाळलाय. पाहुण्याचं असंच असतं. तोंडाने काही का म्हणेना, जागा आवडली की पाय निघत नाही."

दिगंबररावांनी कप घेतला. तेवढ्यात त्यांची बायको पदराआड हसू दाबत म्हणाली, "अहो, सूर्य गेला हो. आपले पाय कधी निघायचेत?"