मांडणीतला रिकामा खण

त्या वर्षी चैत्रात खेमनाथ महाराजांचा मुक्काम आंबेदरीला होता. गाव ते केवढं! डोंगराच्या कुशीत मूठभर घरं, एक ओढा, सिद्धेश्वराचं देऊळ आणि देवळाला लागून धर्मशाळा. त्या धर्मशाळेच्या ओसरीवर महाराज बसत, आणि पलीकडच्या खांबाशी कोंडाबाई वाकळ शिवत बसलेली असे.

कोंडाबाई शिंप्याची विधवा. घरोघरच्या जुनेराच्या चिंध्या गोळा करायच्या, त्यांच्या वाकळी शिवायच्या आणि धर्मशाळेत उतरणाऱ्या वाटसरूंना पांघरायला द्यायच्या, ही तिची सेवा. बाई हाताची चलाख, मनाची निर्मळ. खोड म्हणाल तर एकच. तिच्या पोटात प्रश्न ठरत नसे! नैवेद्य दाखवणाऱ्या पुजाऱ्याला तिने एकदा विचारलं होतं, "देव आधी वरण खातो की भात?" पुजारी आठवडाभर बोलला नाही. महाराज मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

एके सकाळी महाराज म्हणाले, "कोंडाबाई, तुझ्या सुयादोऱ्यांना आणि चिंध्यांना एक मांडणी कर बघू."

"सुताराला सांगू?"

"सुतार कशाला? तुला हात नाहीत?"

झालं! धर्मशाळेमागे जुन्या दाराच्या फळ्या पडल्या होत्या, त्या तिने ओढून आणल्या. भानू सुताराची करवत आणि हातोडी मागून घेतली. दोन उभ्या फळ्या, त्यांना आडव्या फळ्या, आणि मध्ये पट्ट्या ठोकून लहान लहान खण. कडेला खिळे मारले रिळं अडकवायला, एक मोठा खिळा कात्रीला. अंगठा ठेचला, पदर खिळ्यात अडकून फाटला, पण मांडणी उभी राहिली. उभी राहिली म्हणजे डुगडुगत राहिली. मग एका पायाखाली कौलाची खापरी सारली, तेव्हा कुठे ती थाऱ्यावर आली.

"आता लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे लावते," कोंडाबाई हरखून म्हणाली.

"रंगावर नाही. घरावर लाव. ज्या घरची चिंधी त्या घराच्या खणात."

"असं का, महाराज?"

"लाव तर खरी."

तिने लावल्या. सगळ्या घरांना खण पुरले आणि सर्वांत वरचा एक उरला. महाराज म्हणाले, "तो अण्णासाहेबांच्या घरचा."

कोंडाबाईने कपाळाला हात लावला. अण्णासाहेब म्हणजे गावचे इनामदार. त्यांच्या वाड्यातून चिंधी बाहेर पडली तर सूर्य पश्चिमेला उगवायचा! 'आमच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर दिसता कामा नये' हा त्यांचा बाणा. कापड जरा जुनं झालं की ते चुलाण्यात जाळून त्यावर अंघोळीचं पाणी तापवत.

"त्यांचा खण रिकामाच राहणार की हो!"

"राहू दे. रोज त्यावर फडकं मात्र मारत जा."

आता रिकाम्या खणावर रोज फडकं का मारायचं? कोंडाबाईने हे किती वेळा विचारलं म्हणून सांगू! महाराज नुसते गालात हसत. ती बिचारी रोज सकाळी खण पुसायची, आत वाकून बघायची, आणि लाकडाखेरीज काही न दिसल्याने हिरमुसून शिवायला बसायची.

एक दिवस खुद्द अण्णासाहेब देवळात आले. जरीकाठी उपरणं, हातात चांदीच्या मुठीची काठी. ओसरीवरची मांडणी पाहून ते थबकले.

"भांड्यांची मांडणी ऐकली होती. ही चिंध्यांची? आणि वरचा खण कुणाचा?"

"तुमच्या घरचा," कोंडाबाई बोलून गेली.

"माझा?" अण्णासाहेबांनी काठीने मांडणी ढोसली, तशी खापरी निसटली आणि रिळं गडगडत अंगणात गेली. "इनामदाराचं नाव भिकेच्या फळकुटाला? होळीला हेच लाकूड घाला म्हणावं!"

बरोबरची माणसं खो खो हसली. कोंडाबाई रिळं वेचू लागली, पण तिचे डोळे वाहत होते. महाराज उठले, खापरी पुन्हा पायाखाली सारली आणि एवढंच म्हणाले, "पूस डोळे. खणही पूस."

पण भाविकहो, काठीच्या मुठीला चांदी असली म्हणून काळीज काही चांदीचं होत नाही. अण्णासाहेबांच्या घरात एक दुःख होतं. सुनेची तीन बाळं पाठोपाठ गेलेली, एकानेही बारसं पाहिलं नाही. आता चौथ्या वेळी ती दिवसांत होती आणि सारा वाडा श्वास रोखून होता.

जाखाईच्या जत्रेचा दिवस उजाडला. सगळं गाव घाट चढून जाखाईला गेलं. घरोघर कुलपं. महाराज कोंडाबाईला म्हणाले होते, "यंदा तू जाऊ नकोस." का, ते सांगितलं नव्हतंच.

दुपार कलली आणि अण्णासाहेब अनवाणी धावत आले. मागून भागा सुईण, पदराखाली आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ.

"महाराज, वाचवा! नातू झाला, पण दूध ओढत नाही. अंग गार पडत चाललंय."

भागा म्हणाली, "म्या कालच सांगितलं हुतं. ज्या घरी पोर टिकत न्हाई तिथं गावच्या चिंध्या मागायच्या. कर्त्या माणसानं पदर पसरायचा, अन् त्या चिंध्यांचं अंगडं घालायचं. काल ऐकलं न्हाई. आज मागायला निघालं, तर गावात दार उघडायला माणूस न्हाई!"

कोंडाबाईने वळून मांडणीकडे पाहिलं. रंगावर नाही, घरावर लाव! अख्खं गाव तिच्या मांडणीत बसलं होतं.

महाराज म्हणाले, "अण्णासाहेब, उपरणं पसरा. गाव इथेच आहे."

इनामदारांनी मांडणीसमोर उपरणं पसरलं. कोंडाबाई एकेका खणातून चिंधी काढून टाकू लागली. "ही भानू सुताराच्या घरची. ही पुजाऱ्याकडची. ही वेशीबाहेरच्या राधाक्काच्या घरची." अण्णासाहेबांचा हात आखडला. वेशीबाहेरचं कापड त्यांनी कधी वाड्याला शिवू दिलं नव्हतं! तेवढ्यात बाळाने ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही.  अण्णासाहेब खाली वाकले आणि उपरणं पुढे करून म्हणाले, "वाढा, माय."

सगळे खण झाले. "आता तुमच्या घरची," महाराज म्हणाले. "गावात तुमचंही घर आलं. वापरून मऊ झालेली हवी."

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "माझ्या घरात जुनेर कुठलं? सगळं जाळलं मी. बाळंतिणीच्या अंथरुणालासुद्धा कोरं कापड आहे!" आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडू लागला.

"कोंडाबाई, त्यांच्या खणात बघ."

"महाराज, तो रिकामा आहे! मी सकाळीच..."

"हात तर घाल."

तिने हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिने ते बाहेर काढून उजेडात धरलं. ते एक इवलंसं अंगडं होतं, रंगीबेरंगी तुकड्यांचं, गळ्याशी निळा मणी ओवलेलं!

अण्णासाहेबांनी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं. मणी निरखला, त्यावरचे बारीक दातांचे ओरखडे चाचपले.

"हे माझं आहे," ते पुटपुटले. "माझ्याआधीची चार गेली होती. आईने हीच घरं मागून हे शिवलं, माझं नाव भिकाजी ठेवलं. मी पाच वर्षांचा झालो तेव्हा माझ्याच हाताने तिने हे ओढ्यात सोडलं. वाहत गेलेलं मी पाहिलंय, महाराज! पुढे मला ते नाव नकोसं झालं. सगळ्यांना अण्णासाहेब म्हणायला लावलं..."

"आईला नकोसं झालं नव्हतं," महाराज हळूच म्हणाले.

कोंडाबाईने सुईत दोरा ओवला. जुन्या अंगड्याला नव्या चिंध्यांचं अस्तर लावताना तिच्या ओठांवर सिद्धेश्वराचं नाव होतं. अंगडं बाळाला घातलं, महाराजांनी कपाळाला अंगारा लावला. भागा बाळाला छातीशी धरून ऊब देत राहिली. बघता बघता गालावर लाली आली आणि पोराने असा काही टाहो फोडला की देवळावरची पाखरं उडाली! "भूक लागली गं बाई माझ्या राजाला," म्हणत भागा वाड्याकडे पळाली.

अण्णासाहेब महाराजांच्या पायांवर वाकायला गेले. महाराज चटकन बाजूला सरले, त्यामुळे इनामदारांचं मस्तक मांडणीच्या पायाशी टेकलं, त्या खापरीजवळ. ते तसेच राहिले. मग कोंडाबाईकडे वळून त्यांनी हात जोडले. "माय, भिकाजीच्या खणात हे असू द्या," म्हणत त्यांनी डोळ्यांच्या पाण्याने भिजलेलं उपरणं घडी करून वर ठेवलं.

ते गेल्यावर कोंडाबाईला राहवेना. "महाराज, ओढ्यात गेलेलं अंगडं खणात आलं कसं?"

"मला काय विचारतेस?" महाराज म्हणाले. "खण रोज तू पुसत होतीस."